जड बूट की हलके जोडे? : एका रबरी तळाचा इतिहास

पहिला पाऊस पडून सह्याद्रीतल्या वाटा हिरव्या होऊ लागल्या, की नव्याने डोंगरात जाऊ लागलेल्या मंडळींमध्ये एक जुनाच वाद रंगतो. घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे दणकट बूट घ्यावेत, की पळण्याच्या बुटांसारखे हलके, घोट्याखालीच संपणारे शूज? हा वाद दुकानात सुरू होतो आणि बहुधा किमतीपाशी संपतो. परंतु १९३५ साली उत्तर इटलीतील एका शिखरावर हाच प्रश्न सहा माणसांचा जीव घेऊन गेला. आज दुकानात मांडलेल्या दोन्ही प्रकारच्या जोड्यांना जो खाचांचा रबरी तळ दिसतो, त्याचे मूळ त्या दुर्घटनेत आहे. हा थ्रेड त्या तळाविषयी.

त्याआधी थोडे खिळ्यांविषयी.

एकोणिसाव्या शतकात आल्प्समध्ये गिर्यारोहण हा छंद म्हणून रुजला, तेव्हा डोंगरी बूट म्हणजे जाड चामडे आणि तळाला ठोकलेले लोखंडी खिळे. आपल्याकडे वहाणांना नाल मारीत, तसलाच हा प्रकार. फक्त उद्देश झीज रोखण्याचा नसून पकड मिळवण्याचा. तळाच्या कडेने एक प्रकारचे खिळे, मध्यभागी दुसऱ्या प्रकारचे, टाचेला आणखी वेगळे, अशी त्यांची मांडणी असे आणि आपले खिळे कसे ठोकून घ्यावेत यावर गिर्यारोहक तासन्‌तास वाद घालीत. विसाव्या शतकाच्या आरंभी जिनिव्हाच्या फेलिक्स जेनकां याने कठीण पोलादाचे दातेरी खिळे तयार केले. त्याच्या टोपणनावावरून त्यांना ‘ट्रिकूनी’ म्हणत.

गोठलेल्या बर्फात, ओल्या गवतात, चिखलात खिळे उत्तम धरीत. त्यांचे दोष तीन होते. एक, वजन. दुसरा, कोरड्या गुळगुळीत खडकावर लोखंड करकरत घसरे. तिसरा दोष सर्वांत घातक: धातू उष्णता वाहून नेतो, म्हणून प्रत्येक खिळा पायाची ऊब बर्फाच्या स्वाधीन करी. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला ८ जून १९२४ रोजी शेवटचे दिसलेले जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन असलेच बूट घालून वर गेले होते. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला तेव्हा एका पायात खिळ्यांचा बूट तसाच होता. सप्टेंबर २०२४ मध्ये रोंगबुक हिमनदीवर आणखी एक बूट मिळाला. आतल्या मोज्यावर शिवलेल्या फितीवर आयर्विनचे नाव होते.

खडकावर खिळे निरुपयोगी, म्हणून आल्प्समधल्या प्रस्तरारोहकांनी दोन जोड बाळगायची रीत पाडली. पायथ्यापासून कड्याच्या तळापर्यंत खिळ्यांचे जड बूट. तिथे ते काढून ठेवायचे आणि नमद्याच्या किंवा वाखाच्या मऊ तळाचे हलके जोडे चढवायचे. मऊ तळ खडकाला बिलगतो आणि पायाला खडकाची उंचसखल कळते. उतरून आले की पुन्हा जड बूट. रीत शहाणपणाची होती, फक्त तिच्यात एक गृहीत दडलेले होते: ज्या वाटेने चढलो, तिथे वेळेवर परत येऊ, आणि तोवर खडक कोरडा राहील.

सप्टेंबर १९३५ मध्ये मिलानच्या गिर्यारोहकांचा एक मोठा गट इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या पुंता रासिका या शिखरावर गेला. शिखर ग्रॅनाइटचे, उंची ३,३०० मीटरच्या आसपास. रिवाजाप्रमाणे जड बूट खाली ठेवून मंडळी हलक्या जोड्यांनी चढली. वर हवामान फिरले. धुके, मग बर्फ, मग थंडी. ज्या नमद्याने चढताना खडक धरला होता, तो आता भिजून गोठला. बर्फाळलेल्या खडकावर पाय ठरेना, आणि बूट होते शेकडो फूट खाली. उतरता न आल्याने गट अडकून पडला. सहा जण थंडीने गेले.

वाचलेल्यांत व्हिताले ब्रामानी होता. तो अनुभवी गिर्यारोहक होता आणि मिलानमध्ये त्याचे डोंगरी सामानाचे दुकानही होते.

ही घटना पुष्कळदा ‘चुकीच्या बुटांमुळे सहा जण मेले’ अशी एका ओळीत सांगितली जाते. ते मृतांवर अन्याय करणारे आहे. त्या मंडळींनी त्या काळच्या उत्तम समजुतीनुसारच निवड केली होती. जड बूट घालून ते चढले असते, तर कदाचित खडकावरच घसरले असते. त्यांच्यासमोर दोन पर्याय होते, दोन्ही अपुरे होते, आणि हवामान बदलले की एकातून दुसऱ्यात जाण्याची सोय नव्हती. ब्रामानीला नेमके हेच उमगले असावे, कारण त्याने जड की हलके या वादात बाजू घेतली नाही. त्याने तळच बदलला.

मोटारींच्या टायरचे रबर तेव्हा चांगले प्रगत झाले होते. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची, म्हणजे व्हल्कनाइझ करण्याची क्रिया चार्ल्स गुडइयर याने शंभर वर्षांपूर्वीच शोधली होती. पिरेल्ली या टायर कंपनीच्या साहाय्याने ब्रामानीने तसल्या रबराचा तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मध्यभागी फुलीच्या आकाराचे उंचवटे, कडेने ठोकळे, दोहोंच्या मध्ये खोल खाचा. त्याचे नाव ‘कार्रार्माटो’, म्हणजे रणगाडा. ब्रामानीच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरे जोडून कंपनीचे नाव झाले ‘व्हिब्राम’.

रबर दाबाखाली किंचित पसरते आणि खडकाच्या बारीक खडबडीत शिरते, म्हणून कोरड्या कातळावर ते नमद्यासारखे बिलगते. ठोकळ्यांच्या कडा मऊ बर्फात आणि मातीत रुततात, हे काम पूर्वी खिळे करीत. खाचांमधून चिखल बाहेर पडतो. शिवाय रबर उष्णता फारशी वाहून नेत नाही. एका तळात दोन जोडांची कामे आली.

सर्व कामे मात्र आली नाहीत, आणि हे सह्याद्रीत जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. कठीण बर्फावर आणि ओल्या शेवाळावर हे रबर घसरते. पावसाळी ब्रिटनमधले प्रस्तरारोहक म्हणूनच त्यानंतरही बरीच वर्षे खिळ्यांना चिकटून राहिले, ते केवळ हट्टापायी नव्हे. तरीही काळ रबराचाच होता. ३१ जुलै १९५४ रोजी के-टू शिखर प्रथम सर झाले, तेव्हा इटालियन मोहिमेच्या बुटांना व्हिब्रामचा तळ होता.

पकडीचा प्रश्न असा बराचसा सुटला. थंडीचा नव्हता सुटला.

३ जून १९५० रोजी मोरीस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच गिर्यारोहक ८,०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोहोचले. आठ हजार मीटरवरचे शिखर माणसाने प्रथमच गाठले होते. लाशनाल शामोनीचा व्यावसायिक मार्गदर्शक. पाय गेले तर पोट गेले, हे त्याला पक्के ठाऊक होते. चढताना पाय बधिर होत असल्याचे जाणवून त्याने परत फिरण्याचा विचार बोलूनही दाखवला. एर्झोग एकटाही पुढे जाणार हे पाहून तोही गेला. चामड्याच्या बुटांनी त्या उंचीवर पायांना राखले नाही. लाशनालची पायाची सर्व बोटे गेली. एर्झोगची पायाची सर्व आणि हाताची बहुतेक बोटे गेली. मोहिमेचे डॉक्टर जाक ऊदो यांना परतीच्या वाटेवर, आणि पुढे भारतात आल्यावर रेल्वेच्या डब्यातही, बोटे कापावी लागली. बुटाचे वजन ग्रॅममध्ये मोजणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे.

तीन वर्षांनी ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या दिशेने शोधले. त्यांनी सर्वांसाठी एकच बूट न करता दोन केले: खालच्या टप्प्यांसाठी एक, वरच्यासाठी दुसरा. उंचावरच्या बुटात अत्यंत पातळ चामड्याच्या दोन थरांमध्ये सुमारे इंचभर जाडीचा कपोकचा, म्हणजे सावरीसारख्या झाडाच्या कापसाचा, थर होता. तळ सूक्ष्म छिद्रांच्या हलक्या रबराचा होता. दिसायला हा बूट अवाढव्य, पण जाडीच्या मानाने हलका. जाडी आणि वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या बुटाने दाखवले. ऊब देतो तो स्थिर हवेचा थर, चामड्याचे ओझे नव्हे.

मात्र तोही बूट माणसाच्या चुकीला पुरून उरला नाही. २८ मेच्या रात्री शेवटच्या छावणीत एडमंड हिलरीने बूट काढून ठेवले. सकाळी ते लाकडासारखे कडक झाले होते. स्टोव्हच्या ज्योतीवर धरून ते मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले. तेनसिंगने बूट रात्रभर पायातच ठेवले होते, आणि ते ब्रिटिश मोहिमेचे नव्हते. आदल्या वर्षी तो स्विस मोहिमेबरोबर एव्हरेस्टवर गेला होता, त्या ओळखीतले ते स्विस बूट. २९ मेला माथ्यावर दोन देशांचे, दोन जातींचे बूट शेजारी शेजारी उभे होते.

इथून गोष्ट बर्फ सोडून जंगलात येते, आणि वादाची दुसरी बाजू उभी राहते.

अमेरिकेच्या पूर्व भागात जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून अधिक लांबीची पायवाट आहे. १९५५ मध्ये ओहायोची एमा गेटवूड ही ६७ वर्षांची, अकरा मुलांची आई ही वाट एकटीने चालायला निघाली. आदल्या वर्षीचा तिचा प्रयत्न फसला होता. ती वाट चुकली आणि चष्माही फुटला. या वेळी ३ मे रोजी तिने सुरुवात केली. खांद्यावर घरी शिवलेली कापडी पिशवी, तीत पांघरूण आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. पायात ‘केड्स’, म्हणजे शाळकरी मुले घालतात तसले कॅनव्हासचे जोडे. १४६ दिवसांनी, २५ सप्टेंबरला, ती मेनमधल्या कटाडिन शिखरावर होती. ही पूर्ण वाट एका हंगामात एकटीने चालणारी ती पहिली स्त्री.

वाटेत तिचे अनेक जोड फाटले. हलक्या जोड्यांची बाजू घेणारे गेटवूडचे नाव घेतात, परंतु हा तपशील सहसा गाळतात. दुसरा तपशील त्याहून महत्त्वाचा. तिच्या पिशवीत जवळजवळ काही नव्हते. वीस किलोची सॅक पाठीवर घेऊन तेच जोडे चालले असते का, हा वेगळा प्रश्न आहे. गेटवूडचे हलके जोडे आणि तिची हलकी पिशवी ही एकच निवड होती. तिला दुभंगून अर्धीच उचलता येत नाही.

पायातले वजन जाणवते हे चालणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. ‘पायात एक तर पाठीवर पाच’ ही गिर्यारोहकांमधली जुनी म्हण. १९६९ मध्ये सूल आणि गोल्डमन या अमेरिकी संशोधकांनी ते मोजून पाहिले. त्यांच्या निष्कर्षानुसार पायावर बांधलेला एक किलो वाहायला शरीराच्या स्वतःच्या एक किलोच्या तुलनेत ताशी ४ किलोमीटर वेगाने ४.२ पट ऊर्जा लागते, ताशी ५.६ किलोमीटर वेगाने ६.३ पट. कारण सरळ आहे. पाठीवरचे वजन जवळपास एका रेषेत पुढे सरकते, पायातले वजन मात्र प्रत्येक पावलाला थांबते, उचलले जाते, झोकले जाते आणि पुन्हा थांबवले जाते. त्या प्रयोगात प्रत्येक पायावर ६ किलो बांधले होते, कुणाचाही बूट एवढा जड नसतो, हेही सांगायला हवे. परंतु १९८६ मध्ये प्रत्यक्ष जड बुटांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही पटीचा आकडा याच घरात, ६.४ आला. म्हण ठीकच होती. दीड किलोची जोडी सोडून पाऊण किलोची घातली, तर सॅकमधून साधारण चार किलो काढल्यासारखे होते.

१९७० च्या दशकात पळण्याच्या बुटांची लाट आली. त्यांत ईव्हीए नावाचा हलका, लवचिक फेस वापरला जाऊ लागला. १९७८ मध्ये अमेरिकी मोहीम के-टूवर गेली. बाल्टोरो हिमनदीपर्यंतची लांबलचक पायपीट रिक रिजवे आणि जॉन रॉस्केली यांनी चक्क पळण्याचे बूट घालून केली. ७ सप्टेंबरला हेच दोघे कृत्रिम प्राणवायूशिवाय शिखरावर पोहोचले, आणि तिथे अर्थातच त्यांच्या पायांत पळण्याचे बूट नव्हते. एकाच मोहिमेत त्याच पायांनी दोन परस्परविरोधी उत्तरे दिली, आणि दोन्ही बरोबर. त्यानंतर काही वर्षांतच बूट-कंपन्यांनी चालण्यासाठीचे खास हलके जोडे बाजारात आणले. त्यांच्या वरच्या भागात कापड, मध्ये ईव्हीए, आणि खाली ब्रामानीच्या धाटणीचे खाचांचे रबर. जो तळ हलक्या जोड्यांनी जीव घेतले म्हणून जन्मला, त्यानेच हलके जोडे डोंगरात परत आणले.

‘पण घोटा मुरगळला तर?’ जड बुटांच्या बाजूने हे शेवटचे आणि सर्वांत लोकप्रिय अस्त्र. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायली पायदळाच्या ३९० नवशिक्या सैनिकांपैकी काहींना सैनिकी बूट आणि काहींना बास्केटबॉलचे बूट देऊन १४ आठवड्यांचे प्रशिक्षण दिले गेले. घोटे मुरगळण्याच्या प्रमाणात दोन गटांत फरक आढळला नाही. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता, त्यांचा पुन्हा मुरगळण्याची शक्यता मात्र अधिक दिसली. यावरून उंच बूट निरर्थक ठरत नाहीत. घसाऱ्यावर दगडांचा मार, कारवीचे खुंट, करवंदीचे काटे यांपासून ते घोट्याला वाचवतात. फक्त ‘आधार’ या शब्दावर आपण जेवढा विश्वास टाकतो, तेवढा पुरावा त्यामागे नाही.

राहिला पाऊस. जड चामड्याचा बूट पाणी बाहेर ठेवतो, हे ओढ्यात पाय पडेपर्यंत खरे. एकदा पाणी वरून आत शिरले, की तोच बूट बादली होतो. हा धडा सैन्यांनी दुसऱ्या महायुद्धात घेतला. पनामाच्या जंगलात १९४२ मध्ये प्रयोग करून अमेरिकी सैन्याने कॅनव्हास आणि रबराचा ‘जंगल बूट’ स्वीकारला, आणि तो उत्तर ब्रह्मदेशातल्या लढाईतही वापरला गेला. पाणी आत येणारच असे धरून चालायचे आणि ते लवकर बाहेर कसे जाईल ते पाहायचे, हे त्याचे तत्त्व. व्हिएतनामच्या काळातल्या जंगल बुटाला तर पाणी जाण्यासाठी मुद्दाम छिद्रे ठेवली होती.

सह्याद्रीतल्या जुन्या भटक्यांनी कॅनव्हासचे ‘हंटर’ बूट वर्षानुवर्षे वापरले, ते स्वस्त म्हणून. परंतु ज्या डोंगरात जुलैमध्ये दिवसातून चार वेळा ओढा ओलांडावा लागतो, तिथे ती निवड तत्त्वतःही चूक नव्हती. आपल्याकडे हिमदंश नाही. आपला शत्रू आहे ओल्या बसाल्टवरचे शेवाळ, आणि त्यावर जड बूटही घसरतो, हलका जोडाही. तिथे कामाला येते ते तळाचे रबर मऊ आहे की कडक, आणि ठोकळ्यांच्या कडा अजून शाबूत आहेत की झिजल्या आहेत. खरेदी करताना बूट हातात घेऊन आधी उलटा करावा, वरचा भाग नंतर पाहावा.

आणि एक गोष्ट विशेषतः मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांसाठी. जड बुटांच्या मधल्या थरात पुष्कळदा पॉलियुरेथेन असते. ते ईव्हीएपेक्षा टिकाऊ, पण दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिले की पाण्याच्या अंशाने आतून विरघटत जाते. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो. मोठ्या ट्रेकसाठी जपून ठेवलेली महागडी जोडी चार-पाच वर्षांनी माळ्यावरून काढावी, तिने गडाच्या निम्म्या वाटेवर भुगा होऊन तळ सोडावा, आणि उरलेली उतरण बुटाला दोरी गुंडाळून करावी लागावी, हे घडते. निघण्याआधी टाच वाकवून पाहावी, मधल्या थरावर अंगठा दाबावा आणि घराभोवती तासभर चालून यावे. गेटवूडने आपले फाटके केड्स चिकटपट्टीने बांधून चालवले होते. तेव्हा सॅकमध्ये चिकटपट्टीची एक गुंडाळी असू द्यावी, बूट कोणतेही असोत.